कोणाकडून आलात?

उत्तम,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात माझ्या हातात माईक दिला, तेव्हा मी कशीबशी दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, वकीलबाईंना हुंदका आवरत नाही. शालूवहिनी तर नवऱ्याचं दुःख बाजूला ठेवून माझ्या पाठीवरून हात फिरवायला आल्या. हुंदका नव्हता रे, संताप होता. मंडपाच्या तोंडाशी तुझा माणसापेक्षा मोठा फ्लेक्स उभा केला होता. त्यावर तुझा तो ओळखपत्रावरचा दचकलेला चेहरा आणि खाली सोनेरी अक्षरांत 'गोरगरिबांचे कैवारी'. सगळी नोकरी तू नांदेडच्या पोरांना नागरिकाचे सामाजिक हक्क शिकवण्यात घातलीस. 'कैवारी' हा शब्द कुणी वर्गात उच्चारला तर तू खडू खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहायचास. आणि शेवटी पदरात पडलं काय, तर कैवारी.

त्रिशरण-पंचशील झालं, भंतेजी बोलले आणि मग एकेक जण आदरांजलीला उठला. कुणी म्हणाला, "माझ्या बापाला दवाखान्यात खाट भेटंना. सरांनी एक फोन लावला, घंट्याभरात खाट." एका मुलीची शिष्यवृत्ती अडकली होती, ती तुझ्या फोनने सुटली. एका बाईचं नाव कंट्रोलच्या रेशनकार्डातून उडालं होतं, ते तुझ्या फोनने परत आलं. "सर म्हंजे देवमाणूस," असं म्हणून ती रडली, आणि मागे बसलेली सगळी पांढऱ्या साड्यांची रांग रडली. ज्या घरात देव्हारा नाही त्या घरातल्या माणसाला लोकांनी देव करून ठेवलं, आणि तू फोटोत नुसता दचकून बघत होतास. मग एक पुढारी उठले. त्यांनी तुझ्या स्मरणार्थ दरवर्षी ब्लँकेट वाटप जाहीर केलं. टाळ्या पडल्या. नेमका त्यानंतर माझा नंबर होता. सांग, मी काय बोलणार होते?

ब्लँकेट, उत्तम! लातूरला आपण पहिल्या वर्षाला होतो. तू समाजकल्याणच्या वसतिगृहात आणि मी मामाकडे. वसतिगृहाच्या अंगणात स्टेज घातलं होतं, पाहुणे आले होते आणि आम्हा कॉलेजच्या मुलींना स्वागतगीताला बोलावलं होतं. एकेका पोराचं नाव पुकारायचं, त्याने वर यायचं, पाहुण्यांनी ब्लँकेट द्यायचं, आणि दोघांचेही हात ब्लँकेटवर असतानाच दोघांनी फोटोवाल्याकडे बघायचं. तुझं नाव आलं. तू वर गेलास, ब्लँकेट घेतलंस आणि फोटोवाल्याकडे पाठ करून पाहुण्यांनाच विचारलंस, "साहेब, हे वसतिगृहाच्या नियमातलं हाय. नियमातलं द्यायला पाहुणे कामून बोलावलेत?" वॉर्डनचा चेहरा असा झाला की आमच्या ओळीतल्या मुलींनी पदर तोंडात कोंबले. पुढे तुझं जे व्हायचं ते झालं, महिनाभर तुला भाजीत बटाटा सापडला नाही म्हणे. पण मी त्याच दिवशी ठरवलं, या माणसाशी आपलं पटणार. नंतर कळलं की पटणार नाही, भांडण जमणार. तेही काही कमी नव्हतं.

तुझा वर्ग मी एकदाच ऐकला. नांदेडला एका केसच्या कामाला आले होते, काम लवकर उरकलं म्हणून मागच्या बाकावर येऊन बसले. कल्याणकारी राज्याचे प्रकार शिकवत होतास. परदेशांची नावं तू आधी घेतच नव्हतास, "आधी जेवून घेऊ" म्हणालास. आणि गावजेवणाच्या पंगती मांडल्यास. पहिल्या पंगतीत सगळे जेवून उठल्यावर जे उरतं ते वेशीबाहेरच्यांना बोलावून वाढायचं. तेही त्यांनी आपण किती उपाशी आहोत हे दाखवलं तर. तुझे आजोबा तसलं जेवण जेवले होते, म्हणून ते सांगताना तुझा आवाज खाली गेला. दुसरी पंगत वर्गणी भरणाऱ्यांची. पगारातून हप्ता कापला जातो त्याला म्हातारपणी ताट, आणि रोजाने जाणारी बाई मांडवाच्या बाहेर. तिसरी पंगत म्हणजे गावात जन्मला तो बसला. वाढणाऱ्याने तोंड बघायचं नाही, पुढे पान आहे एवढंच बघायचं.

एक पोरगा उठला. "पन सर, पाटलाच्या पोराला कामून वाढायचं? त्याच्या घरी हाय की."

"बस खाली, सांगतो," तू म्हणालास. "तो तुझ्या पंगतीत असला आन् वरण पातळ झालं, तर पहिला तोच बोंबलतो. त्याचा बाप आचाऱ्याला धरतो. तो उठून वेगळा जेवाया गेला की तुझ्या वरणात पाणी कवा पडलं, कुणाला पत्ता बी लागत न्हाई."

मी कोर्टात इतकी वर्षं उभी राहते आहे, पण सगळ्यांना सारखं का द्यावं याचं इतकं सरळ उत्तर मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. हे मी तुला सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं, पण तास संपला, आपण व्हरांड्यात आलो आणि तुझा फोन वाजला.

"हाव, बोला. हाव. त्या टेबलावर माझा इद्यार्थी हाय, मी सांगून ठेवतो त्याला. तुम्ही फकस्त माझं नाव घ्या, होऊन जाईल."

झालं! वर्गात तिसरी पंगत आणि व्हरांड्यात हे. मी तिथेच तुला धरलं. म्हणाले, चौथा प्रकार शिकवायचा राहिला की रे, प्राध्यापक उत्तम यांचा मोबाईल. तू हसलास. मला हसायला येत नव्हतं. मी म्हणाले, तू फोन करून एकाला पुढे काढतोस तेव्हा रांगेतला दुसरा मागे जातो, आणि त्याचा गुन्हा एवढाच की त्याच्याकडे तुझा नंबर नाही. आणि ज्याचं काम होतं तो काय शिकून घरी जातो? की हक्कबिक्क काही नसतं, सर असतात. तू मान डोलावलीस आणि म्हणालास, "हाव. बरोबर हाय तुझं." तुझी ही सवय मला सगळ्यात जास्त चीड आणायची. समोरच्याचं पूर्ण मान्य करून टाकायचं आणि मग विचारायचं, "तुझा हक्क येऊन राहिला ना? येऊ दे. तवर त्या बाईनं काय खावं तेवढं सांग, वकीलसाहेब."

यावर मी दर वेळी आवाज चढवत होते. आपण हे भांडण नांदेडला केलं, लातूरला माझ्या ऑफिसात केलं, लातूर-नांदेड एसटीत अहमदपूर येईपर्यंत केलं आणि कंडक्टरने हळू बोला म्हटल्यावर खुणांनी केलं. एकदा गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये जेवतानाही केलं. आठवतं? पंगतीत बसलो होतो, एका बाजूला परगावचे यात्रेकरू, दुसऱ्या बाजूला कुणी ऑटोवाला. मी मुद्दाम म्हणाले, बघ उत्तम, दारात कुणी विचारलं का, कोणाकडून आलात म्हणून? ही तुझी तिसरी पंगत. तू पोळीसाठी दोन्ही हात पुढे केले होतेस. म्हणालास, "न्हाई. ही त्यांची सेवा हाय, मोठी गोष्ट हाय. पन उद्या त्यांनी चूल बंद केली तर तू कोर्टात जाशील का? जाऊ शकत न्हाई. मला असं जेवण पायजे की बंद पडलं तर भांडता येईल." केवढं बरोबर बोललास! आणि तेवढ्यात तुझ्या खिशातला फोन वाजला. डाव्या हाताने काढून कुजबुजलास, "हाव, माझं नाव घ्या." शेजारचा ऑटोवालाही हसला.

मी चिडले की तू माझं एक दुखणं काढायचास. वकिलीच्या सुरुवातीला लातुरात मला कोण ओळखत होतं? बाई, त्यात आमच्या वस्तीतली. पक्षकार यायचा, मी विचारायचे, कोणाकडून आलात? तो म्हणायचा, "उत्तमसराकडून." कितीतरी दिवस माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस तुझ्याकडूनच येत होता. "तुझी वकिली चौथ्या प्रकारातच उभी राहिली की," असं म्हणून तू डोळे मिचकावायचास. त्यावर मी कधी आभार मानले नाहीत, उलट फोन आपटला. आभार मानते, घे. पण राग गेलेला नाही.

राग कशाचा आहे ते नीट सांगते. पुस्तकाचा आहे. तू म्हणत होतास, निवृत्त झालो की लिहायला बसतो. मराठीत, आपल्या पोरांना कळेल असं, पंगतीपासून सुरू करून. कोणता देश काय देतो, का देतो, आपण घटनेत काय कबूल केलं आणि कचेरीच्या खिडकीवर त्याचं काय झालं. मला तू तोंडी धडेच्या धडे ऐकवलेस. निवृत्त झालास आणि फोन दुप्पट वाजायला लागला, कारण आता सर मोकळे आहेत असं सगळ्यांना कळलं. त्या फोनने तुझं पुस्तक खाल्लं, उत्तम. तुझ्या एकेका फोनने एकेक माणूस तरला हे मी नाकारत नाही. त्या मंडपात ते सगळे बसले होतेच. पण पुस्तक असतं तर तू नसतानाही कुणाच्या तरी हातात काही राहिलं असतं. आता काय राहिलं? एक नंबर. वहिनी सांगतात, गेलास त्या सकाळीही तू चहा बशीत ओतून ठेवला होतास आणि फोनवर कुणाला तरी "होऊन जाईल" म्हणत होतास.

कार्यक्रमाची माणसं पांगल्यावर वहिनींनी तोच फोन माझ्या हातात दिला. "सुमनताई, दिवसभर वाजून राहिला हो. मला उचलवत न्हाई." बंद करून टाका म्हटलं, तर म्हणाल्या, "बंद केला तर लोकांना वाटंल, सर रागावले." मी फोन घेऊन ओसरीत बसले आणि तो वाजलाच.

"सर, म्या धुरपता बोलायले. माझा पगार बंद पडला हो."

निराधार योजनेच्या पैशाला आपल्याकडच्या म्हाताऱ्या पगार म्हणतात, ते तुला किती आवडायचं. मदत नाही, अनुदान नाही, पगारच म्हणतात, बरोबर म्हणतात. मी सांगितलं, मावशी, सर वारले. ती म्हणाली, "माय माय माय. कवा?" सांगितलं. आणि मग अगदी हळू, "मंग माझा पगार बी गेलाच म्हना की."

आयुष्यभर मी तुझ्याशी जो वाद घातला तो ती बाई एका वाक्यात बोलून गेली. आणि मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं वाटलं. मी म्हणाले, नाही मावशी, सर गेले तरी पगार जात नाही. तुमचा आहे तो. मी येते.

खरंच गेले. सीमेकडचा तालुका आहे, कचेरीचं नाव लिहीत नाही, कारण ज्याच्याबद्दल सांगणार आहे तो पोरगा वाईट नव्हता. धुरपतामावशी एसटी स्टँडवर धुतलेलं लुगडं नेसून उभी होती. भानगड अशी की दरसाल आपण हयात असल्याचा अंगठा मशिनीवर द्यावा लागतो, आणि जन्मभर खुरपणी करून तिच्या अंगठ्यावरच्या रेघा गेल्या आहेत. अंगठा उठत नाही. अंगठा उठत नाही म्हणून ती हयात नाही, आणि हयात नाही म्हणून पगार नाही. ती स्वतःच्या पायांनी चालत जाऊन मी जिवंत आहे म्हणून सांगत होती, आणि ते तिला परत पाठवत होते. मी नियम काढले होते, त्यावर निशाण करून नेले होते. अंगठा उठत नसेल तर दुसरी सोय करायची असते, ते मी त्यांना वाचून दाखवणार होते. आज या बाईचं काम हक्काने करून घ्यायचं, कुणाचंही नाव न घेता, आणि मग मनातल्या मनात तुला सांगायचं, बघ, होतं. एवढ्यासाठीच आले होते मी. तुझ्या फोटोला फूल वाहण्यापेक्षा मला हे करायचं होतं.

टेबलावरच्या पोराने वर न बघता विचारलं, "कोणाकडून आलात?"

मी तोंड उघडलं. म्हणणार होते, कुणाकडून नाही. पण मावशी माझ्यापेक्षा चपळ निघाली.

"उत्तमसराकडून."

पोरगा खुर्चीवरून उठला. "सरांकडून?" त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बी.ए.ला तुझा विद्यार्थी, कार्यक्रमाला सुट्टी मिळाली नाही म्हणून हळहळत होता. मावशीला खुर्ची दिली, चहा मागवला. आतल्या साहेबांकडे जाऊन आला, हाताने नोंद केली, सही आणली. चहा संपायच्या आत मावशी सरकारदरबारी पुन्हा जिवंत झाली. नियमांची माझी पिशवी उघडलीच नाही.

उत्तम, ती जिवंत बाई समोर बसून आपलं जिवंतपण पटवू शकत नव्हती, आणि तू मेलेला असून तुझं नाव चाललं. मला तिथे ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, पण बोलले. म्हणाले, अरे, सर गेलेत. हे सरांचं काम नाही, या मावशींचं आहे. त्यांनी सरांचं नाव घेतलं नसतं तर?

पोरगा खोटं बोलला नाही. "तर मॅडम, मशिनीत दिसतंय तेच सांगितलं असतं. सरांची पंगत ध्यानात हाय मला. पन इथं समद्यांच्या नोंदी हातानं करत बसलो तर साहेब मलाच पानावरून उठवतील. मंग तोंड बघूनच वाढावं लागतं."

मी पुढे बोलणार तोच मावशीने माझ्या हाताला चिमटा काढला. "गप बसा की बाई. होऊन राहिलंय तर."

बाहेर आलो. मी तिच्यासाठी केळी घेतली, तिने ती ओच्यात बांधली. तिची बस लागली होती. चढता चढता ती थांबली आणि म्हणाली, "पुढल्या साली बी अंगठा मागतेल. सर तर गेले. तवा कुणाचं नाव सांगू?"

मी म्हणाले, तुमचंच सांगा, मावशी. धुरपता. पगार तुमचा आहे.

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, उलट एखाद्या भोळ्या लेकराकडे बघावं तसं. "माझंच नाव सांगत होते की इतके दिस," ती म्हणाली.

कंडक्टरने घंटी दिली. मागून लोक ढकलत होते, ती दांडा धरून तशीच उभी होती, उत्तराची वाट बघत. माझ्या पिशवीत सगळे नियम होते. आणि मी तिला माझं नाव सांगितलं, उत्तम. आडनावासकट सांगितलं, वर नंबरही दिला. तिने ते नाव पुटपुटत पाठ केलं आणि आत जाऊन बसली. बस गेली, मी स्टँडवर उभी राहिले आणि तुझ्यावर इतकी चिडले, इतकी चिडले की मला रडायला आलं. आता मी कुणाशी भांडू? एकदा ये रे. वाद अर्धा सोडून जायची तू कुणाची परवानगी काढली होतीस? ये आणि मला सांग, मी दुसरं काय करायला पाहिजे होतं.